कथा-कादंबऱ्या सोडून, एकमेकांशी काही संबंध नसलेली चार मराठी पुस्तकं कोणती वाचू?

पहिलं नाव विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं, म्हणून 1857 साली यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. इंग्रज फौज झाशीत शिरली तेव्हा ते शहरातच होते. लूट, कत्तल, जाळलेला ग्रंथसंग्रह, सगळं जवळून पाहिलेला माणूस सांगतो आहे. एवढ्या हालातून परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र खांद्यावर! पुस्तक छापलं गेलं 1907 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. जुन्या वळणाची भाषा पहिली काही पानं अडते, मग खाली ठेववत नाही.

निसर्गासाठी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ घ्या. चैत्र ते फाल्गुन, महिन्यागणिक एक लेख. सलग वाचू नका, जो महिना चालू आहे त्याचाच लेख काढा आणि मग बाहेरची झाडं बघा.

महाभारतातली माणसं माणसं म्हणून समजून घ्यायची असतील तर इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींकडे बघण्याची नजरच बदलते.

आणि यादीत पाककृतींचं पुस्तक का नसावं? कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ वाटी-चमच्याच्या मापात बोलतं, त्यामुळे पहिल्यांदा स्वयंपाकाला उभं राहणाऱ्यालाही जमतं.

सुरुवात मात्र गोडसे भटजींपासूनच करा.