फ्रिजवर पंख्याचा कोड : दोष मोटरचा की बर्फाचा?

प्रश्न : आमच्या घरी दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रिज असून तो घेऊन पाच वर्षे झाली आहेत. काही दिवस फ्रीझरमधून अधूनमधून खरखर ऐकू येत होती. ती थांबली आणि लगेच दारावरील पडद्यावर 'ई आर – एफ एफ' अशी अक्षरे दिसू लागली. वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ अजून टिकतो, परंतु खालच्या भागात ठेवलेले दूध नासते. मेकॅनिकने फोनवरच 'पंख्याची मोटर गेली' असे सांगितले आहे. मोटर बदलण्यापूर्वी घरी काही तपासता येईल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मोटरचे पैसे देण्यापूर्वी आपण विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण हा कोड मोटर जळाली असे सांगत नाही. कोडांची अक्षरे कंपनीगणिक वेगळी असतात, कोठे अक्षरांऐवजी आकडेही येतात. तेव्हा फ्रिजसोबतच्या पुस्तिकेत एकदा खात्री करून घ्यावी. आपण दिलेल्या अक्षरांचा रोख मात्र फ्रीझरच्या पंख्याकडे आहे. हा पंखा १२ व्होल्टच्या आसपास डीसी विजेवर चालतो आणि फिरताना एका वेगळ्या तारेवरून फ्रिजच्या बोर्डाकडे सतत स्पंद पाठवतो. ते स्पंद आले नाहीत, की बोर्ड पंखा पुन्हा सुरू करून पाहतो आणि तरीही उत्तर मिळाले नाही तर कोड दाखवतो. म्हणजे बोर्डाला एवढेच कळलेले असते, की पंखा फिरत असल्याची खूण मिळत नाही. पंखा बर्फात अडकला, मोटर बिघडली, तार तुटली किंवा बोर्डच सदोष झाला, तरी पडद्यावर तीच अक्षरे येतात.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून पहिला संशय बर्फावर जातो. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंडावा निर्माण करणारी कॉइल एकच, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड असते. तिच्यावरून हवा खेचून ती वर फ्रीझरमध्ये आणि झडपेतून खालच्या भागात ढकलण्याचे काम हा पंखा करतो. तो थांबला की कॉइलजवळचा भाग थंड राहतो आणि खाली थंड हवा पोहोचतच नाही. आपल्याकडे नेमके हेच घडते आहे. आधीची खरखरही बोलकी आहे : पंख्याची पाती भोवती साचलेल्या बर्फाला घासत होती आणि बर्फ वाढल्यावर पाती अडकून आवाज बंद झाला, असे मानायला जागा आहे. झिजलेल्या बेअरिंगचाही आवाज येतो, म्हणून केवळ आवाजावरून निर्णय घेऊ नये.

पहिली चाचणी घरीच करता येते आणि तिला खर्च नाही. फ्रिज रिकामा करावा, प्लग काढावा आणि दोन्ही दारे उघडी ठेवून निदान २४ तास तसाच राहू द्यावा. खाली जुनी फडकी पसरावीत, मागचा पाण्याचा ट्रे मधूनमधून पाहावा. अनेक जण चार-पाच तासांत, समोरचा बर्फ गेलेला दिसताच प्लग लावतात; पडद्याआडचा गोळा तेव्हा तसाच असतो आणि चाचणी वाया जाते. घाई म्हणून सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ मुळीच टोचू नये. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या नळीला छिद्र पडले तर आतला वायू निघून जातो, आणि आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये भरलेला आर-६००ए हा वायू, म्हणजे आयसोब्युटेन, ज्वलनशील असतो. हीटर किंवा हेअर ड्रायरही आत धरू नये.

बर्फ पूर्ण वितळल्यावर फ्रिज सुरू करावा आणि कोड केव्हा परत येतो ते तारखेसह लिहून ठेवावे. खरे निदान या मधल्या काळातच दडलेले आहे. फ्रिज व्यवस्थित चालून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा खरखर आणि कोड आला, तर मोटर चांगली आहे, बर्फ मात्र नव्याने साचतो आहे. कोड थोड्याच वेळात आला, तर दोष मोटर, तारा किंवा बोर्ड यांपैकी कशात तरी आहे.

बर्फ नव्याने साचत असेल तर सुरुवात दाराच्या रबरापासून करावी. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, की रबर एका कोपऱ्यातही सैल असेल तर आत शिरलेला ओलावा थेट कॉइलवर गोठतो. दारात कागदी नोट अडकवून दार लावावे आणि नोट हळूच ओढावी. ती अडखळत आली पाहिजे. चारही बाजूंना, विशेषतः बिजागरीकडच्या कोपऱ्यांत, ही परीक्षा घ्यावी. रबरात काळी बुरशी धरली असेल तर कोमट साबणपाण्याने पुसून कोरडे करावे. पुष्कळदा तेवढ्यानेच रबर पुन्हा नीट बसते.

रबर ठीक असूनही बर्फ साचत असेल, तर पडद्यामागच्या डिफ्रॉस्टच्या व्यवस्थेत बिघाड असावा. कॉम्प्रेसर ठरावीक तास चालल्यावर कॉइलखालचा हीटर लागतो, तुषार वितळतो आणि पाणी नळीने मागच्या ट्रेमध्ये उतरते. नळी तुंबली तर ते पाणी तिथेच गोठून थर खालून वर चढतो. हीटर तुटला, त्याच्या जोडीचा थर्मल फ्यूज उडाला किंवा सेन्सर चुकीचे तापमान सांगू लागला, तर कॉइल सर्वत्र पांढऱ्या तुषाराने झाकली जाते. पडदा काढल्यावर तळाशी पारदर्शक, घट्ट लादी आहे की सगळीकडे भुसभुशीत पांढरा थर आहे, हे मेकॅनिकला मुद्दाम पाहायला सांगा. पहिल्यात नळी, दुसऱ्यात हीटरची साखळी किंवा दाराचे रबर संशयित असते. हीटरचा रोध प्लग काढून मल्टिमीटरने मोजता येतो. १५० वॅटचा हीटर सुमारे ३५० ओहम दाखवतो; आकडा अनंत आला तर तार तुटली. थर्मल फ्यूज एकदा उडाला की बदलावाच लागतो, मात्र तो का उडाला हे शोधल्याशिवाय नुसता फ्यूज बदलण्यात अर्थ नाही.

कोड लगेच परतत असेल तर मोटरची परीक्षा जाणकाराकडूनच करून घ्यावी, कारण ती चालू विजेवर होते. दाराचा स्विच दाबलेला असताना पंख्याच्या जोडणीवर डीसी व्होल्टेज येते आणि तरी पंखा फिरत नाही, तर मोटर सदोष आहे. व्होल्टेजच येत नसेल तर तार किंवा बोर्ड पाहावा. पंखा छान फिरतो आणि कोडही येतो, तर स्पंदांच्या तारेची जोडणी ओलाव्याने गंजलेली आहे का ते पाहावे. काही बोर्ड थोड्या प्रयत्नांनंतर पंख्याचा पुरवठा बंद करतात, म्हणून मोजणी फ्रिज सुरू केल्यावर लगेच व्हावी. अन्यथा चांगला बोर्ड खराब ठरतो आणि ग्राहकाला विनाकारण मोठा खर्च पडतो.

प्रश्न : प्लग काढून दहा मिनिटांनी लावला की कोड जातो आणि दिवसभर येत नाही. असेच चालवले तर चालेल का? फ्रिजवर १० वर्षांची वॉरंटी आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालवू नये. प्लग काढल्याने बोर्डाची नोंद पुसली जाते, बिघाड तसाच राहतो. खालच्या भागात एक साधा थर्मामीटर रात्रभर ठेवून पाहा. तापमान ४ अंश सेल्सिअसच्या वर राहत असेल तर दूध, शिजवलेले अन्न आणि मांस-मासे त्या फ्रिजवर सोडू नयेत. घरात इन्सुलिन असेल तर ते तातडीने दुसरीकडे हलवा, कारण न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंशांचे तापमान लागते. वॉरंटीचे कार्डही नीट वाचा. अशी १० वर्षांची हमी सहसा फक्त कॉम्प्रेसरची असते. पंखा, बोर्ड आणि हीटर संपूर्ण फ्रिजच्या कमी मुदतीच्या हमीत येतात. ती मुदत उलटलेली नसेल तर पडदा स्वतः न उघडता कोडचे छायाचित्र काढून लेखी तक्रार नोंदवावी.