‘डबल’ला ‘दुहेरी खांब’ म्हणावं का? क्रोशाच्या विणीतले काही शब्द

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे: आजीची विणकामाची जुनी वही हाती लागली. तिच्यात ‘२२ सा., ४थ्या सा.त खां.’, ‘मु. खां.’ अशी टिपणं आहेत. सोबत एक इंग्रजी पुस्तिकाही सापडली. तिच्यातला गोल रुमाल विणायला घेतला, तर तो सपाट पसरेना, वाटीसारखा उभा राहिला. पुस्तिकेतल्या ‘डबल क्रोशे’ला त्यांनी ‘खांब’ धरलं होतं, कारण यूट्यूबवर तसंच दाखवतात. तर आजीचा ‘खांब’ म्हणजे नेमका कोणता टाका? ‘डबल’ला मराठीत ‘दुहेरी खांब’ म्हणावं का? आणि ‘क्रोशा’ बरोबर की ‘क्रोशे’?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ‘दुहेरी खांब’ म्हणू नका. ‘डबल’ हा शब्द अमेरिकेत एका टाक्याला लावतात आणि इंग्लंडात दुसऱ्याच. त्याला ‘दुहेरी’ केलं की हा घोळ मराठीतही शिरतो. वर ‘दुहेरी खांब’ वाचून मराठी माणसाला वाटणार की सुईला दोन वेढे घ्यायचे आहेत, म्हणजे तिसराच टाका. एका शब्दापायी तीन टाके एकमेकांत अडकतात.

आपल्याकडची नावं मोजणीवरून आलेली नाहीत, दिसण्यावरून आली आहेत, आणि म्हणून ती पक्की आहेत. ओळ विणून झाली की टाके खांबांसारखे शेजारी शेजारी उभे दिसतात, म्हणून ‘खांब’. (संस्कृत ‘स्कम्भ’, प्राकृत ‘खंभ’, आपला ‘खांब’, देवळातला तोच विणीतला.) तो विणायचा असा: सुईला दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यायचा, सुईवर आधीचा धरून तीन वेढे होतात. दोरा घेऊन दोनांतून काढायचा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढायचा. तीन वेढे झाल्यावर तिन्हींतून एकदमच दोरा काढला तर ‘अर्धा खांब’. आणि आधी वेढाच घेतला नाही, नुसती सुई घालून दोरा ओढला, सुईवर दोन वेढे झाले आणि दोन्हींतून एकदम काढला, तर ‘मुका खांब’.

‘मुका’ हे विशेषण मला फार आवडतं. मुका मार म्हणजे लागलेलं तर असतं, पण वर जखम दिसत नाही. मुका खांब तसाच: बांधणी खांबाची, पण उंची वर येत नाही, मधे फट दिसत नाही. वीण घट्ट, बंद. ‘सिंगल’ या त्याच्या अमेरिकी नावातून यातलं काहीच कळत नाही.

आता इंग्रजी नावांचा हिशेब. अमेरिकी नाव लक्षात ठेवायचं तर दोरा ओढून घेतल्यानंतर वेढ्यांतून किती वेळा बाहेर काढला ते मोजा: मुक्या खांबात एकदा, म्हणून ‘सिंगल’, खांबात दोनदा, म्हणून ‘डबल’. ब्रिटिश नावासाठी दोरा ओढून घेतल्यावर सुईवर किती वेढे आहेत ते मोजा: मुक्या खांबात दोन, म्हणून ‘डबल’, खांबात तीन, म्हणून ‘ट्रेबल’. म्हणजे ब्रिटिश ‘डबल’ हा आपला मुका खांब, आणि अमेरिकी ‘डबल’ हा आपला खांब. अमेरिकी ‘हाफ डबल’ आणि ब्रिटिश ‘हाफ ट्रेबल’ दोन्ही आपला अर्धा खांब. सुईला दोन वेढे घेऊन केलेला उंच खांब अमेरिकेत ‘ट्रेबल’, इंग्लंडात ‘डबल ट्रेबल’. त्याला मराठीत ‘दोन वेढ्यांचा खांब’ म्हणावं. लांब आहे, पण वाचणाऱ्याचा हात चुकत नाही.

पुस्तिका कुठली ते दोन मिनिटांत ओळखता येतं. आत ‘सिंगल क्रोशे’ दिसलं तर ती बहुधा अमेरिकी, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका नाही. टाका सोडायला ‘मिस’ लिहिलं असेल आणि विणीच्या घट्टपणाला ‘टेन्शन’, तर बहुधा ब्रिटिश. ‘स्किप’ आणि ‘गेज’ असेल तर अमेरिकी.

ताईंच्या रुमालाची वाटी याच गफलतीतून झाली आहे. त्यांनी कळवलेल्या नमुन्यात पहिल्या फेरीत ६, दुसरीत १२, तिसरीत १८ ‘डबल’ आहेत. ही मुक्या खांबाची मोजणी. प्रत्येक फेरीला गोलाची त्रिज्या टाक्याच्या उंचीइतकी वाढते, आणि घेर त्या उंचीच्या सहापटीहून थोडा जास्त वाढावा लागतो. मुका खांब जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच, म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवले की गोल सपाट बसतो. खांब त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच, त्याला दर फेरीला १२ वाढवावे लागतात: १२, २४, ३६. सहाच वाढवले तर घेर कमी पडतो आणि कड वर उचलते. उलट चूकही होते. अमेरिकी ‘डबल’चा नमुना मुक्या खांबाने विणला तर घेर जास्त होऊन कडेला झालर पडते. तेव्हा वाटी झाली तर वाढ कमी पडली, झालर झाली तर वाढ जास्त झाली. दोन्ही वेळा उसवण्याआधी पुस्तिका कुठली ते बघा.

आजीच्या वहीतला ‘खां.’ म्हणजे वर सांगितलेला खांबच, आणि पुरावा वहीतच आहे. २२ साखळ्या (‘सा.’) घालून चौथ्या साखळीत खांब घ्यायला सांगितलंय. सुईकडून मोजलेल्या पहिल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब. उरल्या १९, त्या प्रत्येकीत एक, आणि हा पहिला धरून एकूण २०. ओळीच्या सुरुवातीच्या उभ्या साखळ्यांवरून टाका ओळखता येतो: मुक्या खांबाला १, अर्ध्याला २, खांबाला ३, दोन वेढ्यांच्या खांबाला ४. मुक्या खांबाची ती एक साखळी बहुतेक नमुन्यांत टाका म्हणून मोजत नाहीत, म्हणून २० मुक्या खांबांना २१ साखळ्या घालून दुसरीत सुरुवात होते. बाकी ठिकाणी ती मोजतात.

इथेच नवशिक्यांचे हात चुकतात. साखळ्या मोजताना सुईवरचा वेढा मोजायचा नाही आणि सुरुवातीची सरकगाठही नाही. आणि दुसऱ्या ओळीला तीन साखळ्या घालून वळल्यावर पहिला खांब उभा झालेला असतो, म्हणून पुढचा खांब खालच्या दुसऱ्या खांबावर घ्यायचा. पहिल्यावर घेतला तर ओळीत एक टाका वाढतो. ओळीच्या शेवटचा खांब खालच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत घ्यायचा. तो राहून गेला की दर ओळीला एक टाका कमी होतो आणि रुमाल वर निमुळता होत जातो. प्रत्येक ओळ संपली की मोजा. २० आले नाहीत तर पुढे जाऊ नका.

वहीत पुढे जाळीचा ताटावरचा रुमाल असेल तर ‘८व्या सा.त खां.’ असं भेटेल. तिथे गोंधळायचं कारण नाही. जाळीचं रिकामं घर म्हणजे खांब, २ साखळ्या, खालच्या २ सोडून पुन्हा खांब. दहा घरांना ३५ साखळ्या घाला. पहिला खांब म्हणून ३, घराच्या माथ्याच्या २ आणि खालच्या सोडायच्या २, अशा ७ झाल्या, म्हणून आठवीत. पुढे दर तिसऱ्या साखळीत खांब. ओळीत ११ खांब आणि १० घरं मिळतात. भरलेल्या घरात त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब येतात. कुणी ‘७ सोडून’ लिहितं, कुणी ‘आठव्यात’. अर्थ एकच, पण एका नमुन्यात दोन्ही तऱ्हा मिसळल्या असतील तर पेन्सिलीने एकसारखं करून घ्या.

मराठी नमुना वाचताना खरं लक्ष द्यायचं ते शब्दयोगी अव्ययांकडे आणि प्रत्ययांकडे. ‘खांबावर खांब’ म्हणजे खालच्या खांबाच्या माथ्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखे जे दोन पदर दिसतात, त्या दोन्हींखालून सुई घालायची. एकाच पदरातून घातली तर विणीवर आडवी रेघ उमटते. ती मुद्दाम हवी असेल तर नमुन्यात तसं सांगितलेलं असतं. ‘साखळीत खांब’ म्हणजे साखळीच्या कडीत सुई घालायची, ‘घरात खांब’ म्हणजे साखळीच्या खालून, मोकळ्या जागेत. ‘खांबाभोवती’ म्हटलं तर माथा सोडून खांबाच्या दांड्यामागून सुई फिरवायची, त्याने वीण उठावदार होते. खांबावर, साखळीत, घरात, खांबाभोवती: चार शब्द, चार वेगळ्या विणी. यूट्यूबवरचं ऐकून वहीत उतरवून घेताना सगळीकडे ‘मध्ये’ लिहिलं जातं, आणि मग तो नमुना दुसऱ्याला वाचून विणता येत नाही.

संख्याशब्दांचंही तसंच. ‘एकाच खांबात २ खांब’ म्हणजे टाका वाढवणं, ‘दोन खांबांचा एक’ म्हणजे कमी करणं. ‘एकाआड एक’ म्हणजे एक विणायचा, एक सोडायचा. ‘एकेका घरात तीन-तीन’ हे ‘प्रत्येक घरात तीन’पेक्षा मला अधिक स्पष्ट वाटतं, कारण द्विरुक्तीमुळे वाटणी डोळ्यांपुढे येते. सगळ्यात जास्त उसवायला लावणारा शब्द म्हणजे ‘पुन्हा’. नमुन्यात तारका करून पुढे ‘तारकेपासून पुन्हा ५ वेळा’ लिहिलेलं असेल, तर पहिल्यांदा विणलेलं धरून एकूण ६ वेळा होतं. ‘असे ५ वेळा’ म्हणजे एकूण पाचच. कंसाबाहेर ६ लिहिलं असेल तर एकूण सहा. इंग्रजी पुस्तिकेतही हाच भेद आहे. पाकळ्यांच्या फेरीत एक पाकळी कमी पडली तर आधी हा ‘पुन्हा’ तपासा.

वहीतल्या संक्षेपांबद्दल आणखी एक. ‘सा.’, ‘खां.’, ‘मु. खां.’, ‘अ. खां.’ ही क्रोशाची. पण त्याच वहीत ‘सु.’ आणि ‘उ.’ आले तर ते सुलट आणि उलट, म्हणजे दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम. ते पान बाजूला ठेवा. ‘४० नं.’ हा दोऱ्याचा नंबर, आणि नंबर मोठा तर दोरा बारीक. विट्याच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या घरात हे सांगावं लागणार नाही, कारण सुताचा काउंटही मोठा तितकं सूत बारीक. सुईच्या बाबतीत मात्र नंबरावर विसंबू नका. पोलादी बारीक सुयांचा नंबर मोठा तर सुई बारीक, आणि लोकरीच्या अमेरिकी सुयांचा मोठा तर सुई जाड. दुकानात मिमी विचारा.

राहिलं ‘क्रोशा’ की ‘क्रोशे’. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा. म्हणजे सुईच्या टोकाचंच नाव. फ्रेंचमध्ये शेवटचा त उच्चारत नाहीत, म्हणून ‘क्रोशे’. इंग्रजीतून तो उच्चार आपल्यापर्यंत आला आणि मराठीत रुळताना ‘नकाशा’, ‘तमाशा’सारखा आकारान्त पुल्लिंगी झाला. घरात ‘क्रोशा’ म्हणत असतील तर तेच लिहा, तो आता मराठी शब्द आहे. ‘नकाशाचा’, ‘तमाशाचा’ तसं ‘क्रोशाचं काम’, ‘क्रोशाची सुई’. ‘क्रोश्याची’ लिहायची गरज नाही. संस्कृत ‘क्रोश’शी, ज्याच्यावरून ‘कोस’ आला, याचा काही संबंध नाही. तो हाक मारण्याच्या धातूवरून आलेला: हाक ऐकू जाईल तेवढं अंतर. ‘आक्रोश’ त्याचाच भाऊ.