तालुक्यात संघटना उभारू पाहणाऱ्या तरुण पशुवैद्यकास

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तालुक्यातील पशुवैद्यकांची संघटना काढण्याचा तुमचा विचार वाचून मनापासून आनंद झाला. तुम्ही लिहिलेल्या उद्दिष्टांत पहिले स्थान नोंदणीविना उपचार करणाऱ्यांविरुद्धच्या तक्रारीला दिले आहे. तक्रार रास्त आहे आणि भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 तिच्या पाठीशी आहे. परंतु केवळ तेवढ्यावर उभी राहिलेली संघटना एक-दोन निवेदने देऊन थंडावते, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 30 मध्ये राज्य शासनाच्या आदेशाने पदविकाधारकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची मुभा आहे. त्या मंडळींशी वैर धरण्यापेक्षा त्यांनी कोणती कामे करावीत आणि कोणत्या टप्प्यावर तुम्हाला बोलवावे, हे एकत्र बसून ठरवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

व्यायल्यानंतर दोन दिवसांत संकरित गाय दुग्धज्वराने, म्हणजे रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्याने, खाली बसते, मान पोटाकडे वळवून निपचित पडते, आणि बहुतेक वेळा हे रात्रीच लक्षात येते. अशा वेळी शेतकरी पदवी पाहत नाही. जो येईल त्याला बोलावतो. शिरेतून कॅल्शियम घाईने सोडले तर हृदय बंद पडून गाय डोळ्यांदेखत दगावू शकते. तेच सावकाश, ठोके ऐकत दिले तर पुष्कळदा ती थोड्याच वेळात उठून उभी राहते. हे ज्ञान ज्याच्याजवळ आहे, तो त्या रात्री उपलब्ध असला पाहिजे. एकट्याला रोज रात्री जागणे शक्य नाही, म्हणून संघटनेचे पहिले काम रात्रपाळीची वाटणी हेच असावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्या आड येते ती एकच भीती: रात्री गेलेला डॉक्टर तो गोठा कायमचा आपल्याकडे ओढून घेईल. त्यासाठी नियम लेखी करा. रात्री उपचार करणाऱ्याने दिलेली औषधे आणि मात्रा नेहमीच्या डॉक्टरांना सकाळी कळवावी, पुढील उपचार त्यांच्याकडेच सोपवावेत आणि रात्रीचे शुल्क सर्वांनी सारखेच घ्यावे.

दुसरे काम मासिक बैठकीचे. तिथे सत्कार नकोत. दगावलेल्या जनावरांविषयी मोकळेपणाने बोलणे हवे. कासदाहात कोणते प्रतिजैविक कुठे निष्प्रभ ठरत आहे, गोचीडतापाचे रुग्ण कोणत्या वस्तीत वाढत आहेत, हे एकट्याच्या वहीत दिसत नाही.

तुमच्या स्वतःच्या प्रकृतीविषयीही लिहितो, कारण उमेदीच्या वर्षांत तिकडे दुर्लक्ष होते. गाभडलेल्या, म्हणजे गर्भपात झालेल्या, गायीची वार (जार) हातमोज्यांशिवाय कधीही काढू नका. गायी गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा जंतुजन्य रोग माणसालाही होतो आणि त्याचा ताप व सांधेदुखी महिनोन्‌महिने पिच्छा पुरवू शकते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना दिली जाणारी त्याची लसही जिवंत जंतूंची असते. ती टोचताना सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. खांद्यापर्यंतचे हातमोजे संघटनेने एकत्र खरेदी केले तर ते स्वस्त पडतील आणि सर्वांच्या पेटीत राहतील.

संघटनेच्या नोंदणीचे काम अवघड नाही. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 नुसार किमान सात सदस्य लागतात आणि आपल्या राज्यात ही नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. मात्र पुढे दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलल्यावर द्यायचा बदल अर्ज या दोन गोष्टी पुष्कळ संस्था विसरतात. त्यासाठी वक्तृत्व असलेल्याला नव्हे, कागद नीट ठेवणाऱ्याला सचिव करा.

घटनेचा कच्चा मसुदा तयार झाला की पाठवा. सभासदत्व आणि खर्चाच्या अधिकाराची कलमे मी बारकाईने वाचून कळवतो.

आपला,
एक ज्येष्ठ व्यवसायबंधू