मंडळात आर्डुइनो शिकवायचंय, सुरुवात कशी करू?

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. सुट्टीत मंडळाच्या हॉलमध्ये आठवी-नववीच्या मुलांना आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, शिकवायचा विचार आहे, पण बोर्ड ओरिजिनलच लागतात का आणि शिकवणार कोण?

उत्तर: जरूर शिकवा, किमतीवर अडून बसू नका. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीत इव्रेयाला विद्यार्थ्यांसाठीच बनला आणि त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा ऊनोसारखा (ऊनो हे आर्डुइनोचं नेहमीचं मॉडेल) बोर्डही चालतो, फक्त त्यावर आर्डुइनोचा लोगो खोटा छापलेला असेल तर घेऊ नका. स्वस्त बोर्डांवर लॅपटॉपशी यूएसबीने जोडायला बऱ्याचदा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (लॅपटॉपला ती ओळखता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) आदल्या दिवशीच लॅपटॉपवर टाकून ठेवा नाहीतर पहिला तास त्यातच जातो.

शिकवायला लांब कशाला जाता, जवळच कलाभवन आहे ना! सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये हातातलं कसब शिकवायला काढलेली संस्था, आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनीअरिंग फॅकल्टी आहे, तिथली दोन-तीन मराठी मुलं मिळाली तरी काम झालं.

एका बोर्डवर दोनच मुलं बसवा. आधी एलईडी लुकलुकवा: लांब पाय २२० ओहमच्या रेझिस्टरमधून (करंट मर्यादित ठेवणारा भाग) १३ नंबरच्या पिनला, आखूड पाय ग्राउंडला (GND लिहिलेली पिन). मोटर मात्र थेट पिनला कधीच नको, पिनमधून २० मिलीअँपच्या आसपासच करंट घ्यावा, मोटरला ट्रान्झिस्टर (पिनच्या छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) लावा.

मुलांनी केलेलं लोकांना दाखवायचं असेल तर मार्चमधला आर्डुइनो डे बघा, २०१४ पासून जगभर होतो आणि कुठलाही ग्रुप आपला कार्यक्रम त्यात नोंदवू शकतो.