कोणावर रागावलात?

प्रश्न : ताई, माझं वय 36. मुलगी 5 वर्षांची, धाकटा 14 महिन्यांचा, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. लग्नाआधी मी रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे. आता रविवारी गेले तरी धाकट्याला कडेवर घेऊन दाराबाहेर फेऱ्या मारते, प्रवचनातलं अक्षर कानावर पडत नाही. रात्री रोझरी (जपमाळ) हातात घेते, पण तिच्या पाच टप्प्यांपैकी, म्हणजे रहस्यांपैकी, दुसऱ्यापर्यंतच डोळा लागतो. दिवसभर नुसती चिडचिड. अशा मनाने कम्युनिअन (मिस्सातला ख्रिस्तप्रसाद) घेताना ढोंगी वाटतं. माझी श्रद्धाच कमी पडतेय का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलांची वयं आहेत, झोप कितव्या रहस्याला लागते तेही आहे. चिडचिडीबद्दल मात्र तीन शब्दांत आटोपलंत. तिथूनच सुरुवात करू या.

मी 31 वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. दर महिन्याला कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला जायचे आणि दर महिन्याला एकच वाक्य म्हणायचे, "फादर, मला राग येतो." एकदा जाळीपलीकडून प्रश्न आला, "कोणावर?" मला चटकन सांगताच येईना. मग आठवले सात नंबरच्या खोलीतले आजोबा. रात्रभर घंटी वाजवायचे. आदल्याच पहाटे चारच्या सुमाराला मी त्यांच्यावर खेकसले होते, "आता काय?" त्यांना कवळीचा पेला हाताशी हवा होता, बस. आणि तो पेला टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला मीच सरकवला होता. फादर म्हणाले, प्रायश्चित्त म्हणून जाऊन माफी मागा. त्या रात्री गेले, मागितली. आजोबा म्हणाले, "कशाबद्दल?" त्यांच्या गावीही नव्हतं!

त्यानंतर त्या खोलीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला की आत शिरण्याआधी मनातल्या मनात 'येशू' म्हणायची सवय लावून घेतली. कधी जमायचं, कधी नुसतीच मूठ फिरायची. पण "मला राग येतो" यावर करण्यासारखं काही नव्हतं, सात नंबरच्या मुठीवर होतं.

तर तुम्हीही शोधा. चिडचिड कोणावर होते, किती वाजता, हातात काय असताना? येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियसनी 16व्या शतकात दिवसाची उजळणी करायची एक रीत शिकवली. आधी देवाचे आभार, मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा एकेक तास डोळ्यांपुढून न्यायचा, क्षमा मागायची आणि उद्यासाठी काहीतरी ठरवायचं. मी हे कपडे वाळत घालताना करायचे. एक बादली संपेपर्यंत होतं. आभार मात्र गाळू नका. दमलेल्या माणसाची उजळणी सुरू होताच तक्रारीवर जाते, हा माझा स्वतःचा अनुभव.

रोझरीचं ऐका. फ्रान्समधली लिझ्यूची संत तेरेसा जोगिणींच्या मठात राहून प्रार्थनेत झोपी जायची. सात वर्षं हे चालू असल्याचं तिने स्वतः लिहून ठेवलंय. त्याचं आपल्याला दुःख होत नाही, कारण लेकरू झोपलेलं असो की जागं, आईबापांना सारखंच आवडतं, असं तिचं म्हणणं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1997 साली तिला चर्चची आचार्य, म्हणजे शिकवणीसाठी खास मान असलेली संत म्हणून जाहीर केलं. तेव्हा रात्री पाच रहस्यांचा हट्ट सोडा. दुपारी सासूबाईंच्या उशाशी बसून एकच रहस्य घ्या, दहा 'नमो मरिया' प्रार्थना, त्यांना ऐकू जातील अशा. त्यांनाही कोणीतरी सोबत हवंच असेल.

तरी एक सांगते. "काम हीच प्रार्थना" असं आपण फार सहज बोलून टाकतो. मीही काही वर्षं बोलत होते आणि त्या वर्षांत मी प्रार्थना म्हणून केलीच नाही. दिवसातून पाच मिनिटं अशी हवीत की ज्यात दुसरं काही चाललेलं नसेल. मला ती गाडी लावल्यावर, दार उघडण्याआधी मिळायची.

मिस्साचं तर मनाला लावूनच घेऊ नका. रविवारच्या मिस्साचं बंधन गंभीर आहे, पण कोणती कारणं चालतात हे सांगताना कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने आजारपणासोबत तान्ह्या मुलांच्या देखभालीचं नाव घेतलंय. म्हणजे तुम्हाला घरी राहण्याचीही मुभा होती, आणि तुम्ही येऊन फेऱ्या मारताय.

आणि ढोंग? कम्युनिअनच्या आधी सगळे काय म्हणतात ते आठवा. 'प्रभो, मी योग्य नाही.' फादरही म्हणतात. गंभीर पाप पदरी असेल तर आधी कन्फेशन, त्यात सूट नाही. पण मुलांवर ओरडणं, सासूबाईंपुढे भांडं आदळणं, असल्या रोजच्या लहान पापांची क्षमा कम्युनिअनमध्येच मिळते, ही चर्चची जुनी शिकवण. मग औषध टाळून बरं कसं व्हायचं?

प्रश्न : मी ऑफिसच्या टेबलावर छोटा क्रूस ठेवतो. एका सहकाऱ्याने तो काढायला सांगितला. श्रद्धेसाठी ठाम राहावं की नमतं घ्यावं? शिवाय इथे कधीकधी वरिष्ठांच्या सांगण्यावरून वाढीव बिलांवर सही करावी लागते, वातावरणच तसं आहे.

उत्तर : भाऊ, क्रूसावर तुम्ही दोन पानं लिहिलीत, मी ती इथे छोटी केली. बिलांवर मुळातही एवढीच ओळ होती. क्रूस खणात ठेवलात तरी चालेल. सही मात्र पुढच्या बिलापासून बंद. वरिष्ठांना काय सांगायचं याची घरात एकदा उजळणी करून जा, ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. आणि आधीच्या सह्यांचं कन्फेशनमध्ये सांगताना 'वातावरण' म्हणू नका, आकडा सांगा. त्यातलं काही तुमच्या खिशात आलं असेल, तर ते परतही करावं लागेल.