मासे सोडलेत, आता माशाच्या गोळ्याही सोडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कोकणातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आणि तुम्ही मासे सोडले. आता दूध-अंडीही सोडायचा विचार आहे. राहायला जुळे सोलापूर, वजन ५८ किलो, तयारी गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ची, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० सायकल आणि वर २१.१ धावणं. कोच म्हणतात मासे आणि व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) बंद केलंत तर रिकव्हरीचं वाटोळं होईल. आई म्हणतात, सोलापुरात बसून कुठला समुद्र वाचवायला निघालीस? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की फिश ऑइल आणि गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन मात्र चालू आहे.

वरची बहुतेक उत्तरं प्रोटीनवरच अडकली आहेत. माझ्या मते प्रोटीन हा यातला सगळ्यात सोपा भाग. आणि समुद्राचंच म्हणाल तर तुमच्या ताटापेक्षा तुमच्या गोळ्यांच्या डबीत जास्त मासे आहेत.

आईंचा टोमणा हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. आपल्या बाजारात येतो तो मासा बराचसा उजनीचा: चिलापी, रोहू, कटला. गोड्या पाण्यातला. तो न खाल्ल्याने एकही कासव वाचत नाही. त्यामुळे घरात रविवारी चिलापी तळली म्हणून रुसवेफुगवे नकोत. तुम्हाला खायची नाही, खाऊ नका, विषय संपला.

आपला समुद्राशी संबंध येतो तो दुसऱ्या वाटेने. पहिली वाट कोळंबीची. कोळंबीची ट्रॉल जाळी समुद्राचा तळ खरवडत जाते आणि वाटेत येईल ते ओढून आणते. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं. जाळ्यात अडकलं की ते चक्क बुडून मरतं. जाळ्यातून कासवाला निसटता यावं म्हणून एक जाळीदार चौकट बसवता येते, तिला टेड म्हणतात. ती नीट वापरली जात नाही या कारणाने अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. हॉटेलातली कोळंबी तळ्यात वाढवलेली असते म्हणून आपण सुटलो, असंही नाही. तिच्या खाद्यात मासळीची भुकटी असते.

दुसरी वाट तुमच्या फिश ऑइलची. हे तेल मोठ्या प्रमाणावर येतं पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा नावाच्या बोटभर माशापासून. एकाच जातीच्या माशाची जगातली सगळ्यात मोठी मासेमारी ती हीच, आणि त्यातला बहुतेक मासा माणसाच्या ताटात जात नाही, त्याची भुकटी आणि तेल होतं. तिथले पाणकावळे, पेलिकन, समुद्रसिंह जगतात तेही याच माशावर. २०२३ मध्ये एल निनोमुळे जाळ्यात पिल्लंच जास्त यायला लागली, तेव्हा पेरूने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. आपल्या किनाऱ्यावर हीच गत तारलीची: माणसाचं स्वस्त आणि सकस अन्न, पण बराच माल भुकटीच्या कारखान्यांकडे वळतो. क्रिल ऑइल घेत असाल तर ते त्याहून वाईट; क्रिल हा कोळंबीसारखा बारीक जीव म्हणजे अंटार्क्टिकातल्या देवमाशांचं आणि पेंग्विनांचं जेवण.

बरं, ज्या ओमेगा-३ साठी हा खटाटोप, ते माशाला तरी कुठून मिळतं? सूक्ष्म शैवालातून. तेच शैवाल टाक्यांमध्ये वाढवून काढलेलं तेल कॅप्सूलमध्ये मिळतं. लेबलवर 'अल्गल' (शैवालाचं) शब्द आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलात असतं ते ओमेगा-३, किती मिलिग्रॅम हे दोन्ही बघा. रोज २५० ते ५०० मिलिग्रॅम पुरे. फिश ऑइलपेक्षा महाग पडतं, हे खरं.

जवस खाल्लं की झालं, असं कुणीतरी वर लिहिलंय. अर्धं बरोबर आहे. जवसात ओमेगा-३ भरपूर असतं, पण ते एएलए या वनस्पतींतल्या रूपात. शरीर त्यातलं फारच थोडं डीएचएमध्ये बदलतं. म्हणून कॅप्सूल आणि जवस दोन्ही. जवसही सबंध गिळलं तर तसंच बाहेर पडतं, ते कुटायलाच हवं. मंद आचेवर भाजायचं, तडतड थांबली की लगेच खाली काढायचं, कारण पुढे अर्ध्या मिनिटात ते करपतं आणि कडू होतं. गार झाल्यावर लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून कुटा. शेंगाच्या चटणीसारखं तेल सुटेपर्यंत कुटायची गरज नाही. एका वेळी आठवड्यापुरतीच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला की टाकून द्या, तेल खवट झालेलं असतं. रोज एक मोठा चमचा पुरतो.

ग्लुकोसामाइन साधारणपणे कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून बनतं. धावणाऱ्यांच्या गुडघ्याला त्याचा उपयोग होतो याचा पुरावा तसाही कच्चा आहे. ते बंद करा आणि सायकलच्या सीटची उंची एकदा नीट तपासून घ्या. 'मरीन कोलॅजन'ची पावडरही माशाच्या कातडीचीच असते.

एक गोष्ट राहू नये म्हणून सांगतो. हे सगळं वाचून कोळ्यांवर राग धरू नका. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला आपल्या राज्यात सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि अनेकजण तसं सोडतात. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने काम सुरू केलं तेही गावाला सोबत घेऊनच. आणि समुद्र आपल्यापासून वाटतो तितका तुटलेला नाही: सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. त्या आंध्रच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. अक्कलकोट रोडला राइड संपल्यावर एनर्जी जेलची रिकामी पाकिटं कुठे पडतात ते बघा म्हणजे कळेल.

आता जेवण. ५८ किलोच्या माणसाला अशा तयारीत किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम प्रोटीन धरलं तर दिवसाला साधारण ८१ ते ९३ ग्रॅम. व्हे न घेता हे होतं, फक्त ते भाकरी-शेंगाचटणीवर होत नाही. ज्वारीत लायसीन (प्रोटीनचा एक आवश्यक घटक) कमी असतं आणि शेंगदाण्यातही तेच कमी असतं. म्हणजे आपली सगळ्यात लाडकी जोडी एकमेकांची उणीव भरून काढत नाही. ती भरून काढतात डाळी-कडधान्यं. भाकरी-पिठलं, भाकरी-मटकी, हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, शेंगोळे, बाजार आमटी या जोड्या मात्र बरोबर बसतात. येळवसेच्या (वेळा अमावस्येच्या) भज्जीत इतकी कडधान्यं आणि पालेभाज्या असतात की एखाद्या आहारतज्ज्ञाने बसून लिहिली असावी असं वाटतं. ताक वगळून करून बघा, चिंच घातली तरी चालते.

साधा हिशेब द्यायचा तर: दिवसभरात दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (१५ ग्रॅम प्रोटीन), पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स (२६), पन्नास ग्रॅम तूरडाळ (११), तेवढीच मटकी (१२), चाळीस ग्रॅम हुलगा (९) आणि चाळीस ग्रॅम शेंगदाणे (१०). ८३ झाले, पोहे-भात अजून धरलेच नाहीत. सोया रोज नको वाटत असेल तर फुटाण्याचं सत्तू पाण्यात घोळून लिंबू-मीठ घालून घ्या. कोचना स्कॉट ज्युरेक हे नाव सांगा. वेस्टर्न स्टेट्स ही १०० मैलांची शर्यत त्याने १९९९ ते २००५ सलग सात वेळा जिंकली, आणि तो व्हीगन आहे, म्हणजे मांस-मासे, दूध-अंडी काहीच खात नाही.

व्हीगन झालेल्यांची खरी पंचाईत वेगळीच असते: पोट भरतं, पण कॅलरी पुरत नाहीत. कडधान्यं, पालेभाज्या, भाकरी सगळंच चोथ्याचं. आठवड्याला दहा-बारा तास घाम गाळायचा आणि जेवण मात्र 'हेल्दी' म्हणून हलकं, यात धावण्याचा वेग जातो, मग झोप, मग पाळी चुकायला लागते. पाळी चुकली तर ते कष्टाचं लक्षण समजून सोडून देऊ नका, खाणं कमी पडतंय असं समजा आणि डॉक्टरांना भेटा. तेल, कूट, गूळ, खजूर यांना हात आखडता घ्यायचा नाही.

लांब राइडच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी मात्र हे सगळं उलट. तेव्हा भाकरी आणि मटकी बंद. भात, पोहे, केळं, उपमा, म्हणजे चोथा कमी. राइडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, अडीच-तीन तासांच्या पुढे गेलात तर हळूहळू सवय करून ९० पर्यंत. केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. तुळजापूरचा घाट चढून येणाऱ्यांच्या खिशात मी सगळ्यात जास्त पाहिलेली वस्तू म्हणजे शेंगा पोळी, आणि ती आहेही नामी: गूळ, दाणे, गहू. चौघडी करून बटर पेपरमध्ये गुंडाळा. फक्त मार्चनंतर नऊ वाजले की गूळ पाघळून जर्सीला चिकटतो, शिवाय दाण्यांचं तेल उन्हात जड पडतं. तेव्हा चढ सुरू व्हायच्या आधीच संपवा. धावताना ती नको, तिथे खजूर किंवा गुळाचं लिंबूपाणी. मीठ विसरू नका, आपल्या उन्हात नुसतं पाणी पीत राहिलात तर डोकं जड होऊन बसाल.

आता ज्यात खरोखर तडजोड नाही ते. बी१२ ची गोळी. दूध-अंडी-मासे सगळं सोडल्यावर हे जीवनसत्त्व जेवणातून मिळत नाही. आंबील, इडली, आंबवलेलं काहीही त्याला पर्याय नाही. स्पिरुलिना या शैवालाच्या पावडरीतलं बी१२ शरीराला वापरता येत नाही. डाळी-पालेभाज्यांत फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर असल्याने हिमोग्राम (रक्ताची साधी तपासणी) छान दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं, म्हणून बी१२ ची वेगळी तपासणी करा.

लोहासाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, नुसतं हिमोग्लोबिन नाही. धावणाऱ्या बायकांमध्ये ते लवकर उतरतं. जेवणाबरोबर चहा बंद, तासाभराने घ्या. जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या. कडधान्यं मोड आणून खा. दूध सोडताय तर कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला.

आणि आयोडीन. मासे गेले, दूध गेलं, आणि फिटनेसवाल्यांच्या घरात हमखास दिसतं ते गुलाबी सैंधव मीठ. त्यात आयोडीन नगण्य असतं. साधं आयोडीनयुक्त मीठ परत आणा, स्वस्तही आहे.

गोव्यात आदल्या रात्री हॉटेलात जेवणार असाल तर आधी फोन करून विचारा. तिथल्या साध्या दिसणाऱ्या आमटीतही सुका जवळा असू शकतो. भात-डाळ नक्की मिळते. शर्यतीत जे खाणार ते सगळं इथूनच न्या, तिथे जाऊन नवीन काही चाखायचं नाही.

डिसेंबर-जानेवारीची धांदल सुरू व्हायच्या आधी रक्त तपासून घ्या: बी१२, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). आकडे इथे टाका, गोळ्यांचे डोस डॉक्टर ठरवतील, आठवड्याचं खाणं आपण बसवू.