आधी हवा मोजा, मग टायर बदला

प्रश्न : ताई, घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचं लॉन निम्मं सपाट आहे आणि निम्मं क्लबहाउसकडे उतरतं. गवत कापायला बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर घेतला आहे. पावसाळ्यात चढावर त्याची मागची चाकं जागीच फिरतात आणि तिथलं गवत सोलून निघतं. दुकानदार म्हणतो, शेतीच्या ट्रॅक्टरसारखे दातेरी टायर घाला, नाहीतर साखळ्या बांधा. कमिटीत दोन तट पडलेत. काय करावं?
– सोसायटीचे सेक्रेटरी, ठाणे (प.)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, दोन्ही तटांना म्हणावं, पाकीट खिशात ठेवा. दातेरी टायरांना पकड असते हे खरं, पण ते दाते मातीत रुतवूनच ती मिळवतात. नांगरलेल्या शेतात ते ठीक. तुमच्या लॉनवर पहिल्याच वळणाला गवताची सालपटं निघतील. साखळ्या तर बर्फाच्या मुलखातली चीज, ओल्या हिरवळीवर त्या खुरप्याचं काम करतील. लॉनसाठी रुंद, उथळ नक्षीचे टायर येतात तेच ठेवा. नक्षी झिजून टायर गुळगुळीत झाला असेल किंवा रबर कडक होऊन भेगाळलं असेल, तरच बदला आणि त्याच प्रकारचा घ्या.

आता हवेकडे वळू. अशा यंत्राच्या मागच्या टायरात बहुधा १० ते १४ पीएसआय (चौरस इंचाला पौंड, हवेचा दाब मोजायचं माप) हवा लागते. तुमच्या यंत्राचा आकडा पुस्तिकेत असेल आणि कमाल मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. आपल्याकडे काय होतं? माळी चाक काढून नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेतो, तो स्कूटरच्या अंदाजाने हवा ठोकतो, टायर टणटणीत होतो आणि सगळे खूश. टणक टायर मध्येच फुगतो आणि जेमतेम एका पट्ट्यावर टेकतो.

हिशेब करून बघा. एका मागच्या चाकावर ९० किलो भार आहे असं धरू. १४ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलो, म्हणजे टायर साधारण ९० चौरस सेंटिमीटर टेकणार. हवा १० वर आणली तर तोच टायर १२५-१३० टेकेल. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण फायदा कोणत्या बाजूला आहे ते कळतं. टेकण जास्त तर पकड जास्त, आणि मातीवरचा दाबही कमी. गवताच्या आणि ट्रॅक्टरच्या दोघांच्याही भल्याचा असा उपाय क्वचितच सापडतो, आणि तो फुकट आहे!

एक खर्च मात्र करा. कमी दाबाचा गेज विकत घ्या. पंक्चरवाल्याच्या गेजवर १० आणि १५ मधला फरक धड दिसत नाही. गेज आला की खडूची परीक्षा घ्या. टायरवर आडवी जाड रेघ ओढायची, पार्किंगच्या काँक्रीटवर ट्रॅक्टर सरळ चार-पाच फूट चालवायचा आणि उतरून बघायचं. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, फक्त दोन्ही कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली तर बरोबर. दोन्ही मागच्या चाकांत हवा सारखीच हवी. आणि पुस्तिकेतल्या किमान आकड्याखाली जाऊ नका. उतारावर आडवा जोर आला की ढिला टायर रिमवरून निसटतो.

हवा ठीक करूनही चाक फिरत असेल तर मग वजनाचा विचार. मागच्या चाकांना लोखंडी वजनं बसवता येतात किंवा टायरात पाणी भरता येतं. टायरवर २०×१०.००-८ असं लिहिलं असेल तर पाऊण टायर भरायला अंदाजे ३० लिटर पाणी लागतं, म्हणजे चाकामागे तितकेच किलो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. ठाण्यात त्याची गरज नाही, उगाच रिम गंजेल. साधं पाणी भरायचं तरी आत ट्यूब हवी. माझं मत विचाराल तर लोखंडी वजनं बरी, पावसाळा संपला की काढून ठेवता येतात.

पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. पुस्तिकेत वजन लावायची परवानगी आहे का? हलक्या यंत्राचा गिअरबॉक्स जास्तीचा भार सोसत नाही, आणि मागे फार वजन झालं तर चढावर पुढची चाकं उचलली जातात. दुसरं, लॉन पार्किंगच्या पोडियमवर आहे का? घोडबंदरच्या कित्येक सोसायट्यांत बाग स्लॅबवर असते. तसं असेल तर किलोभर वजन वाढवण्याआधीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, मला नको.

चालवण्याची पद्धतही बघा. वळताना दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरावीत म्हणून मागे डिफरेन्शियल असतं. त्याचा तोटा हा की ज्या चाकाची पकड सुटते तेच गरगरतं आणि दुसरं मख्ख उभं राहतं. उतारावर आडवं चालवलं की वरच्या बाजूचं चाक हलकं होऊन नेमकं हेच होतं, शिवाय कलंडण्याची भीती. म्हणून बसायच्या ट्रॅक्टरने उतारावर सरळ वर-खाली कापायचं, खालच्या गिअरमध्ये, हिसका न देता. चाक फिरायला लागलं की रेस वाढवायची नाही. पाती बंद करून हळू मागे उतरायचं. बहुतेक कंपन्या १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर ट्रॅक्टर नेऊ नका असं सांगतात. मीटरभर लांबीच्या फळीचं वरच्या बाजूचं टोक जमिनीवर टेकवून ती पाणसळीने समपातळीत धरा. दुसऱ्या टोकाशी जमीन फळीच्या २७ सेंटिमीटरहून खाली गेली तर तिथे ट्रॅक्टर बंद, खांद्यावरचा ब्रश कटर.

आणि हे सगळं करून भर पावसात कापायला निघालात तर काहीच उपयोग नाही. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अशा मातीला वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून ती नुसती ओलसर राहिल्याशिवाय, चाक लावू नये. बुटाची टाच लॉनमध्ये जोर देऊन दाबा. कडेने पाणी वर आलं तर ट्रॅक्टर शेडमध्येच राहू द्या. शनिवारी कापायचं म्हणजे शनिवारीच, हा कमिटीचा ठराव पावसाळ्यापुरता रद्द करा.

सोललेल्या जागी रेती आणि चाळलेलं शेणखत भरून त्याच लॉनमधल्या गवताच्या मुळ्या लावा. हरळीच्या जातीचं असेल तर पावसात ते आपणहून पसरतं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानावर ट्रॅक्टर घसरत नाही, पण चाकांच्या जागी दोन पट्टे पडलेत आणि तिथे पाणी साचतं.
– क्रीडाशिक्षिका, नेरुळ

उत्तर : बाई, तुमचा माळी शिस्तीचा आहे, दर वेळी त्याच रेघेवरून जातो. माती दाबली गेली, मुळांना हवा मिळेना, पाणी मुरेना. दर खेपेला दिशा बदलायला सांगा, एकदा लांबीने, एकदा रुंदीने, एकदा तिरकं. वळण मैदानाबाहेर मुरमावर आणि रुंद घ्यायचं. पट्ट्यांवर बागेच्या काट्याने तीन-चार इंच खोल भोकं पाडा आणि त्यांत रेती झाडूने लोटा. पावसाने उघडीप दिल्यावर हे काम सोपं जातं, उन्हाळ्यात काटा वाकतो.

प्रश्न : वाफशाची वाट बघत बसलो तर गवत गुडघ्याला लागतं!
– एक वाचक, खारघर

उत्तर : लागू द्या. मग एकदम मुळापाशी कापू नका. पाती वर घेऊन एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काढा आणि काही दिवसांनी पुन्हा. गवताची पिशवी मागे बांधत असाल तर ती निम्मी भरली की रिकामी करा. ओलं गवत चांगलंच जड असतं, आणि चढावर ते सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं.